ग्रहण पाहावे की न पाहावे?

कीर्तन आटोपून बुक्का लावून झाला की काही मंडळी मंडपात मागे रेंगाळतात. खरे प्रश्न त्या वेळी निघतात. आमच्या वर्धा जिल्ह्यात अलीकडे एक प्रश्न दोन्ही बाजूंनी कानी येतो. जुनी माणसे म्हणतात, "महाराज, पोट्टे गिऱ्हाणात बाहेर उभे राहून मोबाइलवर फोटो काढून राहिले. हे बरं हाये का जी?" आणि तरुण म्हणतात, "महाराज, चंद्रग्रहण पाहिलं तर पाप लागतं, हे कोणत्या पोथीत लिहिलं आहे ते तेवढं दाखवा." विचारणारे बहुधा एकाच घरातले असतात आणि दोघांच्याही बोलण्यात थोडा राग असतो. म्हणून आम्ही या प्रश्नाचा विचार लेखी मांडावयाचे ठरविले.

प्रश्न वरवर लहान दिसतो, पण तो लहान नाही. कारण ज्या रात्री हा वाद ओसरीवर चालतो, त्याच रात्री आत माजघरात एखादी गर्भार सून दारे-खिडक्या लावून, पाण्याचा घोट न घेता पडलेली असते. वाद आकाशाचा असला तरी त्याचा भार तिच्यावर पडतो. हे ध्यानी ठेवूनच पुढचे वाचावे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. मग धर्माकडे वळू. ७ सप्टेंबर २०२५, रविवार, भाद्रपद पौर्णिमा. त्या रात्री साऱ्या भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसण्याचा योग होता. स्पर्श रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी, संमीलन ११ वाजून १ मिनिटाने, मध्य ११-४२ला, उन्मीलन १२-२३ला आणि मोक्ष उत्तररात्री १-२६ला. म्हणजे चंद्र पूर्णपणे झाकलेला असा काळ सुमारे ८२ मिनिटांचा. हे आकडे महिनोन् महिने आधी छापलेले होते आणि आकाशाने ते मिनिटाबरहुकूम पाळले. ते कशाच्या बळावर छापता आले? तर पृथ्वीच्या छायेच्या गणितावर.

सूर्य एका बाजूस, चंद्र दुसऱ्या बाजूस, मध्ये आपली पृथ्वी. पृथ्वीची सावली अवकाशात लांबवर पडते, चंद्र त्या सावलीत शिरला म्हणजे ग्रहण. प्रत्येक पौर्णिमेस असे होत नाही, कारण चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी सुमारे पाच अंशांनी तिरपी आहे. या दोन वाटा जेथे एकमेकींस छेदतात त्या दोन बिंदूंना आपले ज्योतिषी पात म्हणतात. त्यांचीच नावे राहू आणि केतू. पौर्णिमेचा चंद्र पातापाशी आला तरच ग्रहण घडते.

हे ज्ञान परदेशातून आजकाल आलेले आहे असा कोणी समज करून घेऊ नये. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास ग्रहण छायेमुळे होते असे स्पष्ट सांगितले. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी रचला, त्यात तेच आहे. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ म्हणजे १५२० मध्ये ग्रहलाघव लिहिला. महाराष्ट्रातील पंचांगे पुढे कित्येक पिढ्या त्याच ग्रंथावरून होत गेली. त्यातही चंद्राला झाकणारी ती पृथ्वीची छायाच.

मग पुराणातील राहूचे काय? नेवासे क्षेत्री, जेथे माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, तेथे मोहिनीराजाचे मंदिर आहे. अमृत वाटणारी मोहिनी, पंगतीत चोरून बसलेला राहू, सूर्य-चंद्रांनी केलेली चुगली आणि भगवंताने उडविलेले शिर, ही कथा आम्ही स्वतः अनेकदा कीर्तनात लावली आहे आणि पुढेही लावू. कथेचा विषय लोभ आहे. जे आपले नव्हे ते कपटाने घेऊ पाहणाऱ्याला घास मिळूनही तृप्ती मिळत नाही, हे ती शिकविते. भास्कराचार्यांनी या दोहोंचा मेळ मोठ्या खुबीने घातला. ब्रह्मदेवाच्या वराने राहू पृथ्वीच्या छायेत शिरतो आणि तेथून चंद्राला झाकतो, असे ते म्हणतात. पुराणाचा त्यांनी अवमान केला नाही आणि गणितालाही मुरड घातली नाही. कथा कथेच्या जागी, छाया छायेच्या जागी.

आता ज्या पंचांगात आपण वेध केव्हा लागतात ते पाहतो, त्याच पंचांगात ग्रहणाची वेळ छायेच्या गणिताने काढलेली असते. राहूच्या भुकेचे गणित कोणाला करता आलेले नाही. वेध तेवढे छायेच्या गणितावर पाळावयाचे आणि "ही छाया आहे" म्हणणाऱ्या नातवाला मात्र नास्तिक ठरवावयाचे, हा न्याय नव्हे.

आता धर्मशास्त्र. तरुण मंडळी पोथी दाखवा म्हणतात, तर पोथीच उघडू. धर्मसिंधु हा ग्रंथ पंढरपूरच्याच काशीनाथशास्त्री उपाध्याय यांचा, शके १७१२ म्हणजे १७९० च्या सुमाराचा. पांडुरंगाच्या गावी बसून लिहिलेला ग्रंथ, म्हणून वारकऱ्यांना तो अधिक जवळचा वाटावा. त्यात ग्रहणाचा पुण्यकाळ कसा धरला आहे? जितका वेळ ग्रहण डोळ्यांना दिसण्याजोगे असेल, तितका वेळ पुण्यकाळ. जेथे ग्रहण दिसत नाही त्या देशात ते पाळण्याचे कारण नाही. विचार करा, पुण्यकाळाची मोजणी ज्याने डोळ्यांवर सोपविली, त्याला डोळे हे पापाचे दार वाटत होते असे कसे म्हणावे? कोणीतरी अंगणात उभे राहून पाहिल्यावाचून स्पर्श कळायचा कसा आणि मोक्षाचे स्नान करायचे केव्हा?

ज्यांच्या राशीस ग्रहण अनिष्ट आहे त्यांनी ते पाहू नये, असेही शास्त्रात आले आहे. ते आम्ही लपवीत नाही. पण वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ पडली त्या दिवशीच त्याची रास बदलली. ज्याने देह पांडुरंगाच्या पायी वाहिला त्याला कुंभेचा चंद्र काय आणि मीनेचा काय! सर्व काळ शुभ मानून नाम घ्यावे हा आपल्या संतांचा उपदेश आहे. नामाला वेध नाहीत, सोयर नाही, सुतक नाही. ग्रहणात जप करावा, जरूर करावा. तो भीतीने करू नये, प्रेमाने करावा, एवढेच आमचे मागणे.

आता गर्भार बाईची गोष्ट. चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर आधी, म्हणजे नऊ तास आधी लागतात आणि तेव्हापासून भोजन वर्ज्य होते. परंतु बालक, वृद्ध आणि आजारी यांना शास्त्रकारांनी सवलत दिली आहे. त्यांचे वेध पुष्कळ कमी धरले आहेत. ही सवलत का दिली? अशक्त देहाला उपाशी ठेवणे हा धर्म नव्हे, हे त्यांना कळत होते म्हणून. त्याच न्यायाने दोन जिवांच्या बाईला किती जपावयास हवे! ग्रहणामुळे गर्भाला व्यंग येते, ओठ फाटतो, याला वैद्यकात कसलाही आधार सापडलेला नाही. बाळाचे ओठ आणि टाळू गर्भाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच जुळून तयार होतात. मग सातव्या-आठव्या महिन्यातील बाईने चंद्राकडे पाहिल्याने जुळलेला ओठ उलगडतो कसा? उलट भाद्रपदाच्या उकाड्यात तासन् तास पाण्यावाचून राहिल्याने तिला भोवळ येते, याला मात्र पोथीही नको आणि डॉक्टरही नको. घरातल्या बायकांना ते ठाऊक असते.

त्या ७ सप्टेंबरच्या रात्री आम्ही सेलू तालुक्यातील एका गावी होतो. घोराडला बोर नदीच्या काठी संत केजाजी महाराजांचे स्थान आहे. त्या परिसरात वारकऱ्यांची घरे पुष्कळ. ज्या घरी उतरलो तेथील सुनेला आठवा महिना होता. तिच्या सासूबाई आमच्यापेक्षा वडील, साऱ्या जन्माच्या माळकरी. संध्याकाळीच त्यांनी सुनेला आत बसविले होते. आम्ही म्हटले, "माउली, पोरीला पाणी तरी द्या." तेव्हा त्या डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "महाराज, मले का तिचं वाईट करायचं हाये? पण लेकराले काही झालं तर मी कोणाले तोंड दाखवू?"

या बोलण्याला हसणाऱ्या तरुणांना आम्ही येथे थांबवितो. त्या बाईच्या मनात दुष्टावा नव्हता. तिच्या भयाच्या मुळाशी मायाच होती. मायेला ज्ञानाचा हात मिळाला नाही म्हणजे ती अंधारात चाचपडते आणि ज्याला जपावयाचे त्यालाच दुखविते. अशा माणसाला "अडाणी" म्हणून झिडकारणे म्हणजे दुसरे ग्रहण लावणे होय. आम्ही धर्मसिंधूतील सवलत त्यांना सांगितली. शास्त्रात आहे म्हटल्यावर त्यांच्या जिवावरचे ओझे उतरले. त्यांनी स्वतः तांब्या भरून आत नेला आणि पाठोपाठ दूधभात नेला. सून बाहेर आली नाही आणि आम्हीही आग्रह केला नाही. पुढे बाळ कसे झाले ते आम्ही मुद्दामच लिहीत नाही. एका बाळावरून शकुन काढावयाचा नाही आणि अपशकुनही काढावयाचा नाही, हेच तर सांगावयाचे आहे.

आता फोटोची गोष्ट. त्या गावचे एक शाळामास्तर तिवई लावून अंगणात उभे होते. पावसाळ्याचे आभाळ, ढग येत होते, जात होते. शेजारी पाच-सात मुले मोबाइल उंचावून होती. मुलांच्या मोबाइलवर चंद्राचा नुसता पांढरा ठिपका येई. मास्तरांनी त्यांना हात लांब करून करंगळी चंद्रापुढे धरावयास सांगितली. सबंध चंद्र करंगळीमागे दडला! आकाशात चंद्र अर्ध्या अंशाएवढाच असतो. मोठा तो आपल्या मनाला वाटतो. मग ते म्हणाले, पौर्णिमेचा चंद्र म्हणजे उन्हात तापत असलेला दगड, त्याचा फोटो सेकंदाच्या शंभराव्या-दोनशेव्या भागात निघतो. तोच चंद्र खग्रास झाला की त्याचे तेज दहा हजारपटींहूनही खाली येते. मग कॅमेऱ्याचा डोळा एक-दोन सेकंद, कधी अधिकही, उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात हात हलला तर सारे चित्र फरकटले. म्हणून तिवई हवी. पृथ्वीही फिरत असते, म्हणून फार वेळ उघडा ठेवूनही चालत नाही.

आम्ही मनात म्हटले, हे तर ध्यानाचेच लक्षण झाले. प्रकाश भरपूर असताना कोणालाही दिसते. प्रकाश मंदावला म्हणजे आसन स्थिर लागते, डोळा अधिक काळ उघडा ठेवावा लागतो आणि धीर धरावा लागतो. मास्तर दर दहा मिनिटांनी एकच फोटो घेत होते आणि मधल्या वेळात मान वर करून नुसते पाहत होते. मुलांनी मात्र चंद्राकडे पाठ केली होती. आपल्याच तोंडामागे चंद्र येतो का हे ती पाहत होती. दोघांच्याही हाती यंत्रच होते. एकाने ते पाहण्यासाठी घेतले होते, दुसऱ्यांनी दिसण्यासाठी. म्हणून ग्रहणात फोटो काढणे बरे की वाईट, असे विचारू नये. पाहावयाचे आहे की दिसावयाचे आहे, असे आपल्या मनाला विचारावे.

मास्तरांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती आम्हाला फार उपयोगाची वाटली. काही मोबाइल म्हणे चंद्र ओळखतात आणि जे भिंगाला दिसले नाही तेही आपल्या पदरचे भरून चित्र रेखीव करून देतात. काढणाऱ्याला वाटते, हे मीच टिपले. पाहिलेले थोडे आणि पदरचे फार! हसू नका. भयाचे यंत्रही असेच चालते. आकाशात सावली तेवढी दिसली; विटाळ, अपशकुन, फाटका ओठ हे सारे आपण आपल्या पदरचे भरले.

ग्रहण पाहण्यासाठी माणसे किती कष्ट घेतात याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. २२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या, शनिवार. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वाटेवर आपले पुलगाव होते. न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स हे दोन इंग्रज शास्त्रज्ञ त्यासाठी सातासमुद्रांपलीकडून पुलगावी येऊन राहिले. पंढरीच्या वाटेवरच्या लोकांना ठाऊक असलेले सोलापूर जिल्ह्यातील जेऊर, तेथेही पुण्याचे प्राध्यापक नाएगमवाला आणि परदेशांतील मंडळी दुर्बिणी लावून बसली होती. खग्रास काळ अवघा दोन मिनिटांचा. तेवढ्यात सूर्याच्या कडेचा प्रकाश काचेच्या तबकड्यांवर टिपावयाचा. दोन मिनिटांच्या दर्शनासाठी हजारो कोसांची वाट! वारकऱ्याला हे सांगावयास नको. पंधरा-वीस दिवस चालून क्षणभर मुख पाहावयाचे, हे आपल्या रक्तातच आहे. विषय निराळा, पण दर्शनाची ओढ तीच. मात्र एक इशारा येथेच देऊन ठेवतो. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नये, डोळे कायमचे जातात. चंद्रग्रहणाला तसा धोका मुळीच नाही; ते लेकरानेही पाहावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी काढलेली चित्रे ओळीने जुळवून आणली. पहिल्या चित्रात चंद्राची कड काळवंडलेली, पुढे अर्धा, पुढे तांबूस गोळा, मग पुन्हा उजळत गेलेला. प्रत्येक चित्रात सावलीची कड वाकडी, कमानीसारखी. त्या कमानी जोडून त्यांनी कागदावर रेघ फिरविली, तेव्हा चंद्राच्या अडीचपटींहून मोठे असे एक वर्तुळ उमटले. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक देशातील ॲरिस्टॉटलने ही कमान पाहूनच पृथ्वी गोल आहे असे म्हटले होते. सासूबाईंनी चित्र हाती घेतले, पुष्कळ वेळ पाहिले आणि विचारले, "मास्तर, म्हणजे हे आपलीच सावली हाये का?"

सज्जनहो, या एका प्रश्नात आमचे सारे निरूपण आले. चंद्राला काळिमा लागला असे आपण म्हणतो, पण ती सावली आपली आहे. ज्या भुईवर आपण उभे आहोत तिची आहे. चंद्र जसा होता तसाच होता. सावली आपण टाकली आणि अशुभ त्याला म्हटले!

फोटोला मराठीत छायाचित्र म्हणतात. चंद्रग्रहणाचा फोटो म्हणजे खरोखरच छायेचे चित्र, आणि ती छाया आपली. असे छायाचित्र ज्याने काढले त्याने ते दुसऱ्याला धाडण्याआधी एकदा स्वतःकडे धरून पाहावे.

कारण हा खेळ आपण आकाशातच केला असे नाही, भुईवरही केला. आमच्या लहानपणी ग्रहण लागले की वेशीबाहेरच्या वस्तीतील माणसे दान मागत आळीतून फिरत. दान द्या म्हणजे गिऱ्हाण सुटेल, अशी त्यांची आरोळी असे. घराघरातून जुनेर, धान्य लांबून टाकले जाई. ज्यांचा विटाळ मानला, त्यांच्याच हाती दान घालून आपण आपली शुद्धी करून घेत होतो. एके काळी तर माणसाच्या सावलीचाही विटाळ मानीत. कोणाची सावली? तर ज्याला आपणच अंधारात ठेवले त्याची! चोखोबांसारख्या भक्ताची समाधी महाद्वारासमोर, पायरीच्या अलीकडे आहे, हे पंढरीला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये सर्वांस खुले झाले. पांडुरंगाच्या मंदिराचे दार उघडण्यासाठी १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणास लावावे लागले. तोवर सावली कोणाची होती आणि काळिमा कोणाच्या माथी होता?

मास्तरांच्या कागदावरच्या त्या वर्तुळात ब्राह्मणाची सावली निराळी, मातंगाची निराळी असे काही दिसले नाही. वाड्याची निराळी, झोपडीची निराळी असेही नाही. सारी पृथ्वी मिळून एक सावली. आणि तिच्यातही पुरता काळोख नसतो. खग्रास चंद्र तांबूस दिसतो, कारण पृथ्वीभोवतीच्या हवेतून वाकून गेलेला थोडा प्रकाश त्याच्यापर्यंत पोचतो. त्या घटकेला पृथ्वीच्या कडेवर जेथे जेथे सूर्य उगवत वा मावळत असतो, तेथली लाली एकत्र होऊन चंद्रावर पडते. शिवाय पौर्णिमेच्या तेजात जे तारे लोपलेले असतात, ते त्या तासाभरात दिसू लागतात. हे सारे डोळे झाकून बसणाऱ्याला कसे कळावे?

तेव्हा आमचे म्हणणे असे. चंद्रग्रहण पाहावे. आजीने नातवाला हाताशी धरून पाहावे आणि नातवाने आजीला राहू-केतूचे गणित समजावून सांगावे. तिच्याकडून मोहिनीची कथा ऐकून घ्यावी. ज्याला फोटो काढावयाचा त्याने काढावा, पण आधी डोळाभर पाहून मग. ज्याला जप करावयाचा त्याने अंगणात बसून करावा. टाळ-चिपळ्यांना आकाशाचे वावडे नाही. गर्भार बाईला, लेकराला, आजाऱ्याला वेळच्या वेळी अन्नपाणी द्यावे. दान द्यावे ते जवळ जाऊन, हातात हात देऊन द्यावे. आणि चंद्रावर सावली चढू लागली म्हणजे प्रत्येकाने मनाशी एवढेच विचारावे, की आज आपली सावली कोणावर पडली आहे?

घरातील सून असेल, शेजारी असेल, गड्याचे पोर असेल. चंद्रावरची सावली तास-दोन तासांत आपोआप सरते, कारण तो चालत असतो. माणसावरची सावली आपोआप सरत नाही. तेथे आपल्यालाच बाजूला व्हावे लागते.

रामकृष्णहरि.